आजी, काका आणि ते दोन बाण

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज पहाटे आजीचं 'शुभ सकाळ' येतं. आजी सांगलीत, आत्या इंदूरला, मी बंगळुरूत. फोन केला की आजी दोन मिनिटांत "ठेवते गं" म्हणते, पण तिचे व्हॉइस मेसेज काही संपत नाहीत! गेल्या दिवाळीत चकलीची भाजणी मी तिचा आवाज ऐकतच भाजली. सोशल मीडिया नसता तर हे जमलं नसतं.

त्याच ग्रुपवर काकांचे फॉरवर्डही येतात. लिंबाच्या गरम पाण्याने कॅन्सर बरा होतो, वगैरे. तुमच्याही ग्रुपवर असा एखादा काका असेलच. आपण हसून सोडून देतो. पण १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना मारहाण करून ठार केलं. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती ती. अशा अफवा तेव्हा मोबाइलवरूनच फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा जाहीर केली. पुढे २०२० मध्ये, खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असं केलं. अशा मेसेजवर दोन बाण दिसतात.

आजीला मी ते बाण ओळखायला शिकवलेत. आता ती काकांना ग्रुपवरच विचारते, "अरे, हे कुठून आणलंस?" आम्ही विचारलं तर तो उद्धटपणा ठरतो. काका दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी नुसतं गुलाबाचं फूल पाठवलं.