बॅरिस्टर नाथ पै : चळवळीतून लोकसभेकडे

नाथ पै यांचा जन्म 25 सप्टेंबर 1922 रोजी वेंगुर्ल्यात झाला. शिक्षण बेळगावात झाले आणि सार्वजनिक जीवनाचे पहिले धडेही त्यांनी तिथेच गिरवले. 1942 च्या ‘चले जाव’ आंदोलनात ते उतरले, तुरुंगात गेले. स्वातंत्र्यानंतर इंग्लंडमध्ये ते बॅरिस्टर झाले. जगभरच्या समाजवादी तरुणांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले. युरोपात मानाचे स्थान मिळूनही त्यांनी कार्यक्षेत्र म्हणून निवडले ते कोकण.

1957 ची निवडणूक संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने भारलेली होती. प्रजा समाजवादी पक्षाचे नाथ पै राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर गेले, तेव्हा ते 34 वर्षांचे होते. 1962 आणि 1967 मध्येही मतदारांनी त्यांनाच निवडून दिले.

आजचा सिंधुदुर्ग तेव्हा रत्नागिरी जिल्ह्याचाच दक्षिण भाग होता. रेल्वे नव्हती. मालवण, वेंगुर्ल्याच्या माणसाला मुंबई गाठायची तर बोटीचा प्रवास. बोट खोल पाण्यात उभी राही आणि उतारू पडावातून, ट्रंका-वळकट्या सांभाळत तिच्यापर्यंत जात. पावसाळ्यात समुद्र खवळला की ही वाटही बंद. घरोघरचा कर्ता पुरुष गिरणगावात आणि चूल पेटायची ती त्याच्या मनीऑर्डरीवर. अशा मुलखात पैशाच्या किंवा जातीच्या बळावर राजकारण करणे सोपे होते. नाथ पैंनी सभा हे साधन मानले. संस्कृत सुभाषितांपासून युरोपच्या इतिहासापर्यंत सारे त्यांच्या भाषणात येई. श्रोता शाळा शिकलेला नसला तरी त्याला समजते, या भरवशावरच ते बोलत. त्यांच्या वक्तृत्वाचे कौतुक आजही होते. त्यामागे ऐकणाऱ्याविषयीचा हा आदर होता, हे विसरता कामा नये.

हाच आदर त्यांनी संसदेतही नेला. 27 फेब्रुवारी 1967 रोजी गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध पाच मतांनी निकाल दिला की, मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. सहा आठवड्यांच्या आत नाथ पैंनी खासगी विधेयक मांडले. घटनेतील कोणतेही कलम दुरुस्त करण्याचा अधिकार संसदेला आहे, हे घटनेतच स्पष्ट लिहावे, अशी त्याची मागणी होती. विरोधी बाकावरच्या माणसाने संसदेचे, म्हणजे व्यवहारात बहुमतवाल्या सत्ताधाऱ्यांचे, हात बळकट करावेत हे अनेकांना रुचले नाही. नाथ पैंची भूमिका सरळ होती. लोकांनी निवडलेले सभागृह लोकांना उत्तरदायी असते; जमीनसुधारणेसारख्या प्रश्नांवर अखेरचा शब्द त्याचाच असला पाहिजे.

विधेयक संयुक्त समितीकडे गेले, त्यावर देशभर चर्चा झाली, पण ते मंजूर होण्याआधीच डिसेंबर 1970 मध्ये लोकसभा बरखास्त झाली. पुढे 1971 च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीने हाच अधिकार कायद्यात आणला. 1973 मध्ये केशवानंद भारती खटल्यात न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली, मात्र घटनेच्या मूलभूत चौकटीला हात लावता येणार नाही, अशी मर्यादाही घातली. आणीबाणीतल्या संसदेने जे केले, ते पाहता ही मर्यादा आवश्यकच होती. तरी नाथ पैंचा आग्रह त्यामुळे फोल ठरत नाही. जनतेवर विश्वास ठेवायचा तर सभागृहही त्या विश्वासाला पात्र हवे, ही त्या आग्रहाची दुसरी बाजू या घडामोडींनी दाखवून दिली.

सीमाभागाचा प्रश्न त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. जानेवारी 1971 मध्ये हुतात्मा दिनासाठी ते बेळगावात होते. हृदयविकाराने पोखरलेल्या देहाने साथ सोडली आणि 18 जानेवारीला तिथेच त्यांचे निधन झाले. वय अवघे 48.

काही आठवड्यांतच झालेल्या निवडणुकीत राजापूरने प्रा. मधु दंडवते यांना निवडले. पदार्थविज्ञानाचे हे प्राध्यापकही 1955 च्या गोवा सत्याग्रहातून आलेले. आणीबाणीत ते तुरुंगात होते, 1977 मध्ये रेल्वेमंत्री झाले. कोकण रेल्वेचा ध्यास त्यांनी अखेरपर्यंत धरला. 1990 मध्ये महामंडळ स्थापन झाले, 1998 मध्ये संपूर्ण मार्गावर गाडी धावू लागली.

2008 च्या पुनर्रचनेत राजापूर मतदारसंघ नकाशावरून गेला. सुमारे साडेतीन दशके तिथल्या मतदारांनी चळवळीतून आलेल्या दोन माणसांना पुन्हा पुन्हा दिल्लीला पाठवले. दोघांपैकी कुणी मतदारांना मिंधे केले नाही, आणि मतदारांनीही या दोघांकडे घटनेवर, देशावर बोलण्याचा वेळ वाया गेला म्हणून हिशेब मागितला नाही. कार्यकर्त्याचा लोकप्रतिनिधी होताना त्याचे कार्यकर्तेपण टिकते ते दोन्ही बाजूंनी जपले तरच. गरीब, दुर्गम कोकणाने ते जपून दाखवले, हे या मुलखाचे देशाला मोठे देणे आहे.