सागवनातले घर

यवतमाळ म्हटले की पुण्या-मुंबईच्या माणसाला कापूस आणि ऊन या दोनच गोष्टी आठवतात. पण नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या रस्त्याने पांढरकवडा जवळ आले, की सागाची रांग दिसू लागते आणि वऱ्हाडाचे निराळेच रूप समोर येते. इथले रान नुसते पाहण्यापुरते नाही. १९३० साली लोकनायक बापूजी अणे यांनी जंगल सत्याग्रहात गवत कापले, ते याच जिल्ह्यातल्या पुसदला.

या भागात माझे एक स्नेही वडिलोपार्जित शेतावर घर बांधू पाहत आहेत. ऐंशी ओलांडलेल्या आई, हे दोघे, दोन मुलगे, सुना आणि नातवंडे असा गोतावळा. मुलगे पुण्यास नोकरीला. 'येऊ, पण आमची दारे वेगळी हवीत,' असे त्यांचे म्हणणे. दारे वेगळी झाली की चुली वेगळ्या होतात, ही आईंची धास्ती. त्यातच इंजिनिअरने आणलेल्या नकाशात चहूकडे काचा आणि वर सपाट स्लॅब! इथल्या मे महिन्याचा पारा ज्याने सोसला आहे, त्याला त्या काचा पाहूनच घाम फुटावा.

आता गंमत पाहा. साग हे सावलीचे झाड, असे आपण धरून चालतो. पण ऐन उन्हाळ्यात तोच उघडाबोडका होतो आणि पावसाळ्यात मात्र पांढऱ्या तुऱ्यांनी मिरवतो. म्हणजे सावली हवी तेव्हा साग कामाचा नाही. कडुनिंबाला मात्र चैत्रात नवी पालवी फुटते; म्हणून घराच्या पश्चिमेला तोच लावायचा. जमिनीचेही तसेच. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. पाया मुरमापर्यंत नेला नाही, तर भिंतीही भेगाळतात. जुन्या माणसांना हे ठाऊक होते, म्हणूनच त्यांच्या जाड मातीच्या भिंती आणि पुढे आलेली कवेलूंची छपरे.

त्याहून मोठा धडा मिळाला तो कोलामांच्या पोडावर. पोड म्हणजे त्यांची वस्ती. घरे लहान, बांबूच्या कुडाला माती-शेणाने लिंपलेली. पण वस्तीच्या मधोमध चावडी असते, ती सर्वांची. निजण्यापुरता आडोसा ज्याचा त्याचा. बसणे, बोलणे, निवाडा, सण मात्र एकत्र. एकत्र कुटुंबाचा पेच या लोकांनी वस्तीच्या मांडणीतच सोडवून ठेवला आहे.

मग नकाशा बदलला. तिन्ही बिऱ्हाडांना दोन-दोन लहान खोल्या आणि स्वतंत्र दार. पण सगळी दारे उघडणार एकाच रुंद सपरीवर. स्वयंपाकघर एक. आईंची खोली न्हाणीला लागून, मध्ये उंबरठा नाही. शौचकूप घराच्या आतच. कारण जवळच टिपेश्वरचे अभयारण्य आहे आणि तिथले वाघ हद्दीची रेघ ओळखत नाहीत. राळेगाव-पांढरकवडा भागात माणसे दगावल्यावर २०१८ च्या नोव्हेंबरात अवनी वाघीण मारली गेली, ती हळहळ आणि ती दहशत दोन्ही इथे अजून ऐकू येतात. अंधारात कोणाला अंगण ओलांडावे लागू नये, गोठ्याला भक्कम दार असावे, आणि रात्रभर झगझगीत दिवे लावून रानाची झोप मोडू नये, एवढे पथ्य पाळायलाच हवे.

नकाशा पसंत पडला. तेवढ्यात धाकटी सून हळूच म्हणाली, 'पण वर्षाचे अकरा महिने इथे राहणार कोण?' सगळे गप्प झाले. प्रश्न खरा होता; रानात शाळा नाही, दवाखाना लांब. आईंनीच तोंड उघडले : 'मी राहीन. पन बाप्पा, येगळं दार मांगता, ते आतून कडी लावाले, का बाहीरून कुलूप लावाले?'

याला नकाशात उत्तर नव्हते. धाकट्याने एवढेच केले, की आपल्या खोलीला लागून कामापुरती एक खोली वाढवून घेतली. पुण्याचे काम तारेवरून इथे बसून काही महिने तरी करता येईल का, याची चौकशी तो करतो आहे. पावसाळ्यापूर्वी पाया खणायचा ठरला आहे. सपरीची रुंदी मात्र आईंनी स्वतः पावलांनी मोजून दिली : सगळ्यांची पंगत एका ओळीत बसेल एवढी.