तीन गुण

साठीला टेकलेल्या गृहस्थाने मांत्रिक व्हावे, ही गोष्ट आमच्या घरात कोणालाच फारशी रुचली नाही. पण २०२० सालच्या टाळेबंदीत संध्याकाळचे फिरणे बंद झाले, वाचनालयाच्या दाराला कुलूप लागले, आणि माझ्या पुतण्याने मला संगणकासमोर बसवून ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळाची दीक्षा दिली. हा खेळ मूळचा २००४ सालचा. त्याचे जुने रूप २०१९ साली पुन्हा सुरू झाले, आणि आम्ही खेळत होतो ते हेच. देशोदेशींची माणसे आपापल्या घरी बसून त्या एकाच मायानगरीत वावरत असतात. मी तेथे ‘मेज’ झालो; म्हणजे कापडी झगा पांघरून दुरून मंत्रांचा मारा करणारा.

या मांत्रिकाला दहाव्या पायरीपासून साठाव्या पायरीपर्यंत दर पायरीस एक, असे एकूण ५१ गुण मिळतात. खेळात त्यांना ‘टॅलेंट’ म्हणतात. गूढविद्या, अग्नी आणि हिम अशा तीन शाखांत ते वाटावयाचे असतात. सर्वच विद्या पूर्णपणे साधाव्या इतके गुण मात्र कोणालाच मिळत नाहीत. जन्मभर मुलांना गुण वाटण्यात हयात गेलेल्या माझ्यासारख्या गणिताच्या मास्तराला याहून रम्य उद्योग कोणता असणार? मी अर्थातच अग्नीची शाखा धरली. तीत पाच गुण एका जागी घातले, की वर्मी बसलेला घाव पुढील चार सेकंदांत आणखी ४० टक्के जाळीत राहतो. ते पाहताना मला स्वतःविषयी मोठा आदर वाटे.

पण पुतण्याची मंडळी ‘मोल्टन कोअर’ नावाच्या गुहेत जात असत. तेथे चाळीस जणांनी मिळून लढावयाचे असते. त्या गुहेतील कित्येक राक्षस अग्नीतूनच जन्मलेले, आणि त्यांचा अधिपती रॅग्नारॉस तर साक्षात् आगच! त्याला आगीचा मंत्र मुळी लागतच नाही. तेव्हा गुणांची वाटणी मोडून पुन्हा मांडणे भाग पडले. त्यासाठी पहिल्या खेपेस खेळातले एक सोन्याचे नाणे पडते, दुसऱ्या खेपेस पाच, मग दहा, आणि असे वाढत वाढत पन्नासपर्यंत. पहिली चूक स्वस्त आणि चुकीची सवय महाग, हा व्यवहार मला न्याय्य वाटला. मी एक नाणे मोजले आणि हिमाच्या शाखेत शिरलो.

तेथे पाच गुणांनी बर्फाच्या बाणाचा वेळ तीन सेकंदांवरून अडीचवर आला. आणखी पाचांनी वर्मी बसलेला घाव दीडपटीऐवजी दुप्पट झाला. मग एका साध्या दिसणाऱ्या चौकटीशी पुतण्या थांबला. “काका, तीन गुण इथं घाला. मंत्राची शक्ती पंधरा टक्के कमी खर्च होते, आणि राक्षसाचा तुमच्यावरचा रोष तीस टक्क्यांनी उतरतो.”

“अरे, मी मांत्रिक झालो तो मारण्यासाठी, लपण्यासाठी नव्हे!” असे म्हणून मी ते तीन गुण हिमवर्षावावर उधळले. त्याने चालत्या शत्रूची गती मंदावते. मोठ्या राक्षसांवर त्याचा उपयोग नव्हता, पण दृश्य फार शोभिवंत दिसे.

येथे रोषाचा हिशेब सांगितला पाहिजे. राक्षस प्रत्येकाच्या माराची मनात नोंद ठेवतो. लोखंडी चिलखत घातलेला एक वीर पुढे उभा राहून त्याचे घाव अंगावर घेतो. त्याला ‘टँक’ म्हणतात. शुश्रूषा करणारे त्याला जगवतात. दूर उभ्या असलेल्या मांत्रिकाविषयीचा रोष त्या वीराच्या १३० टक्क्यांपलीकडे गेला, की राक्षस वीराला सोडून मांत्रिकावर धावतो. त्या रात्री तेच झाले. माझा मारा उत्तम चालला होता. एकाएकी राक्षस वळला. एका फटक्यात मी पडलो, मग माझ्याशेजारचे शुश्रूषक पडले, आणि त्यांच्यावाचून तो वीरही कोसळला. चाळीसच्या चाळीस जण भुईवर! मला कोणी दोष दिला नाही. पण माझ्यासाठी शब्द टाकून मला त्या मंडळीत नेणारा पुतण्या मान खाली घालून उठून गेला, ते मला फार लागले.

रात्री मी कागद घेऊन बसलो. वीराचा रोष हजार धरला, तर मला तेराशेपर्यंत मारता येत होते. तेच तीन गुण घातले असते, तर तेराशे भागिले सात दशांश, म्हणजे सुमारे अठराशे सत्तावन्न! ज्याला मी लपणे म्हटले, ते मला साडेपाचशेहून अधिक मारू देणारे होते.

तो आकडा पाहता पाहता आदल्या वर्षीची बैठक डोळ्यांपुढे उभी राहिली. आमचा जुना वाडा पाडून नवी इमारत बांधावी की कसे, यासाठी चारही चुलतभावांची घरे जमली होती. दादा एकेकाची तक्रार शांतपणे अंगावर घेत होता. मी मध्येच कागदपत्रे उघडून सर्वांना सडेतोड सुनावले. माझा एकही शब्द खोटा नव्हता. पण मंडळी आधी माझ्यावर उलटली, मग एकमेकांवर, आणि बैठक मोडली. पुढे कित्येक महिने दादा घरोघर समजूत घालीत हिंडला. वहिनी तेवढ्या म्हणाल्या होत्या, “भावोजी, तुमचं चुकलं नव्हतं. पण ह्यांचं बोलणं अजून व्हायचं होतं.” त्या वेळी मला त्याचा अर्थच कळला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी पुतण्याला हाक मारली आणि पाच नाणी मोजली. हिमवर्षावाचे तीन गुण काढून त्याने सांगितलेल्या चौकटीत घातले. पुढच्या लढाईत वीराचे चार-पाच घाव बसेपर्यंत मी हात आवरून उभा राहिलो. तो अर्ध्या मिनिटाचाही काळ नसेल, पण मला तो फार लांब वाटला. राक्षस पडला, तेव्हा मारणाऱ्यांच्या यादीत माझे नाव सातवे होते. पुतण्याने ते मोठ्याने वाचून दाखविले.

टाळेबंदी उठल्यावर वाड्याची बैठक पुन्हा भरली. कागदपत्रे या खेपेसही मीच नेली होती. ती दादाने मागेपर्यंत माझ्या मांडीवरच राहिली. वाड्याचा निकाल त्या दिवशी लागला नाही. पण चहा झाल्यावरही कोणी उठले नाही.