तुरुंगाधिकाऱ्याला मार्क कोणी द्यायचे?

जालना तालुक्यातील आमच्या वस्तीतला एक पोरगा मोटारसायकल चोरीच्या आरोपाखाली तुरुंगात होता. यापूर्वी कधी शिक्षा नाही, दुसरी केस नाही. त्याच्या आईला घेऊन आम्ही मुलाकातीला गेलो, तेव्हा त्याला आत 14 महिने झाले होते. कापूस वेचणीचा रोज बुडवून आलेल्या त्या माउलीने विचारले, "दादा, शिक्षा तर अजून झालीच नाही ना?" आम्ही गप्प राहिलो. संविधानावर भाषणे करणाऱ्या आम्हाला कायदा माहीत नव्हता.

घरी येऊन वाचला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 479 सांगते, की अशा कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला बंधपत्रावर सोडावे. जन्मठेप, फाशीचे गुन्हे यात येत नाहीत. चोरीला कमाल 3 वर्षे, म्हणजे इथे 1 वर्ष. मुदत भरताच न्यायालयाकडे लेखी अर्ज करण्याची जबाबदारी याच कलमाने तुरुंग अधीक्षकावर टाकली आहे. त्या माउलीवर नाही. अर्ज गेलाच नव्हता.

अधिकाऱ्याचा कार्यमूल्यमापन अहवाल वरिष्ठ लिहितो. कैदी पळाला तर चौकशी लागते. कैदी हक्काच्या तारखेनंतरही आत राहिला, तर कोणाचे मार्क कापले जातात?

कर्मचारी कमी, कैदी जास्त, असे काही मित्र म्हणतात. ते खरे आहे. पण या कामाला एक यादी आणि एक तारीख पुरते.

3 ऑक्टोबर 2024 रोजी सुकन्या शांथा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातील जातीनुसार कामवाटप घटनाबाह्य ठरवले, नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितले. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि अभ्यागत मंडळाने नियमित पाहणी करावी, असेही बजावले. म्हणजे तुरुंगाच्या कामावर बाहेरची नजर हवी, हे न्यायालयानेच मान्य केले.

मित्रांनो, 2012 च्या निकालानुसार अधिकाऱ्याचा गोपनीय अहवाल ही वैयक्तिक माहिती ठरते, तो सहसा मिळत नाही. पण कलम 479 खाली वर्षभरात किती अर्ज गेले, मुदत भरल्यावर किती दिवसांनी गेले, हे आकडे कोणाचे खासगी नाहीत. आपापल्या जिल्ह्यात माहिती अधिकारात मागा. आम्ही मागितले आहेत.

विधी सेवेच्या वकिलामार्फत अर्ज केल्यावर पोरगा सुटला. वरचे 2 महिने मात्र कोणाच्याच अहवालात लिहिले गेले नाहीत.

जय भीम!