डब्यावरचे सूर्यफूल

अकोल्याच्या आमच्या अंगणात वनस्पती तुपाच्या डब्यात तुळस होती. गंजल्या पत्र्यावर ‘सनफ्लॉवर’. आई त्यालाही डालडाच म्हणे. ते तूप अमळनेरचे. तिथे १९४५ साली महंमद हाशम प्रेमजींनी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ काढली; ‘७८७’ साबणही तिचाच. १९६६ मध्ये ते निवर्तले आणि एकवीस वर्षांचे अझीम स्टॅनफर्डचे शिक्षण सोडून परतले. १९७७ साली नाव आखडून ‘विप्रो’ उरले, ‘व्हेजिटेबल’ गेले! पुढे संगणक आले. शेवयांवर मात्र आई घरचेच तूप घाली. वनस्पती पाहुण्यांच्या करंज्यांना. (हे बरे नव्हे, पण खरे.) भाचा संगणकाच्या नोकरीत आहे, विप्रो तुपातून निघाली म्हटले की हसतो. आईच्या पश्चात घर विकले, तेव्हा डबा भंगारवाल्याने उचलला. तुळस वाळलेलीच होती. मी त्याला अडवले नाही.