कडवंचीचें पाणी

जालन्याच्या पोलादी भट्ट्या मागें टाकून आम्ही कडवंचीस पोंचलों, तों डोळ्यांवर विश्वास बसेना. एवढ्या कोरड्या जिल्ह्यांत द्राक्षांचे मांडव! पाऊस शेजारच्या गांवांइतकाच, वर्षास सरासरी ७०० मिलिमीटरांच्या आसपास. परंतु १९९६ च्या सुमारास खरपुडीच्या कृषि विज्ञान केंद्राच्या साहाय्यानें गांवकऱ्यांनीं माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती केली. पुढें शेंकडों शेततळीं खणलीं. म्हणूनच २०१२ च्या दुष्काळांतहि बागा तगल्या.

कायदाहि आहे. २००९ चा भूजल अधिनियम शेतीसाठीं वा कारखान्यासाठीं ६० मीटरांहून खोल विहीर घेण्यास मनाई करतो. पण भूगर्भांत दोरी घेऊन मोजावयास उतरणार कोण?

एक शल्य मात्र राहिलें. प्लॅस्टिक अंथरलेलीं तळीं पुष्कळदां विहिरीचेंच पाणी उपसून भरतात. तें उन्हानें उडतें, जमिनींत मुरत नाहीं. एका वृद्ध शेतकऱ्यास तसें विचारलें. तो क्षणभर थांबून म्हणाला, "साहेब, तळं माझं खरं, पण खालचा झरा काय एकट्या माझा हाय का?"

परततांना पलीकडच्याच एका गांवांत टँकरापाशीं घागरींची रांग लागलेली दिसली.