काचेवर काच

यंत्राच्या खोक्यावर जे आकडे ठळक अक्षरांत छापलेले असतात, त्यांत यंत्राच्या कर्तृत्वापेक्षा ते विकणाऱ्याची महत्त्वाकांक्षाच बहुधा अधिक असते, हे ज्याला एकदा उमगले त्याचा बाजारातला निम्मा वेळ वाचतो. उरलेला निम्मा वेळ मात्र त्याला स्वतःच्या गरजेची चौकशी करण्यात घालवावा लागतो, आणि ही दुसरी चौकशी पहिलीहून पुष्कळच अवघड असते. जुन्या, मोठ्या आकाराच्या निगेटिव्ह संगणकात उतरवून घेण्यासाठी एक फ्लॅटबेड स्कॅनर घ्यावयाचा, असे जेव्हा आमच्या घरात ठरले, तेव्हा हा प्रश्न फार तर आठवडाभराचा आहे अशी सर्वांची समजूत होती. प्रत्यक्षात त्या प्रश्नाने प्रकाशशास्त्रापासून घराण्याच्या इतिहासापर्यंत सर्वत्र हिंडवून आणले.

घराण्यात दोन पिढ्या छायाचित्रणाचा धंदा होता. स्टुडिओ बंद झाला, पडदे विकले गेले, आणि मागे राहिल्या त्या खाचा पाडलेल्या लाकडी पेट्यांत उभ्या रचलेल्या काचा: बहुतेक हाफ-प्लेट, म्हणजे ४¾ बाय ६½ इंच, थोड्या फुल-प्लेट, ६½ बाय ८½, आणि नंतरच्या काळातली ४ बाय ५ इंचांची शीट फिल्म. अशा दप्तराची नक्कल करावयाची, तर पहिला विचार अस्सलाच्या आकाराचा करावा लागतो. जाहिरातीत मात्र त्याचाच उल्लेख सर्वांत लहान अक्षरांत असतो.

कारण असे की निगेटिव्ह वाचण्यासाठी प्रकाश वरून, झाकणातून यावा लागतो, आणि झाकणातील हा दिवा किती रुंदीचा आहे यावर सारा व्यवहार अवलंबून असतो. कागदाच्या जाडीचे जे पातळ स्कॅनर कचेऱ्यांतून दिसतात, त्यांच्या झाकणात दिवा नसतोच. शिवाय त्यांची नजर काचेला चिकटलेल्या वस्तूपलीकडे पोचत नाही, त्यामुळे ते आपल्या कामातून पहिल्याच फेरीत बाद होतात. एप्सनचा व्ही-६०० हा स्वस्त आणि लोकप्रिय खरा, पण त्याच्या झाकणातली प्रकाशाची पट्टी पावणेतीन इंचांहूनही किंचित अरुंद. रोल फिल्मला ती पुरते, ४ बाय ५ ची फिल्म मात्र दोन तुकड्यांत वाचून मागाहून सांधावी लागते. ज्यांच्याकडे चारदोनच फिल्म असतील त्यांनी हे अवश्य करावे. पेट्याच्या पेट्या समोर असलेल्या माणसाला ही सांधेजोड महिन्याभरात वेडे करील. त्याच कंपनीचा २००६ सालचा व्ही-७०० आणि २०१४ सालचे व्ही-८०० व व्ही-८५० हे ८ बाय १० इंचांपर्यंतचे क्षेत्र उजळून काढतात, म्हणजे फुल-प्लेट त्यांत सुखाने मावते. त्याहून मोठ्या काचा असतील तर ए-३ आकाराच्या यंत्राकडे, आणि पर्यायाने निराळ्याच किमतीकडे, वळावे लागते.

ढोल स्कॅनरची कीर्ती आम्ही ऐकून होतो. पारदर्शक नळकांड्यावर द्रवाचा हात देऊन फिल्म गुंडाळावयाची, नळकांडे वेगाने फिरवावयाचे, आणि एकेका बिंदूचा प्रकाश फोटोमल्टिप्लायर नळीने टिपावयाचा, ही पद्धत सूक्ष्मतेत अजून कोणाला हार गेलेली नाही. परंतु काच गुंडाळता येत नाही. फिल्मला बाक देऊन वाचणाऱ्या त्या प्रसिद्ध फ्लेक्सटाइट यंत्रांचीही हीच अडचण. जगातील उत्तमोत्तम यंत्रे अशी एका साध्या काचेच्या ताठरपणापुढे निरुपाय झालेली पाहून मला मनातून थोडे समाधान वाटले, हे नाकारीत नाही. प्रकाशपेटीवर काच ठेवून वरून कॅमेऱ्याने टिपण्याचा मार्ग उरतो, आणि ज्याच्याजवळ उत्तम कॅमेरा, मॅक्रो लेन्स व हलणार नाही असा स्टँड आहे, त्याने तो मार्ग चोखाळावा; आमच्याजवळ यांपैकी काही नव्हते.

आता त्या ठळक आकड्यांकडे येतो. व्ही-८५० च्या खोक्यावर ६४०० डीपीआय लिहिलेले असते. भाचीने ते वाचले, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "मामा, इथे चौसष्टशे लिहिलंय, मग तुम्ही चोवीसशेवर का थांबताय?" प्रश्न रास्त होता. काचेवर क्रोमच्या बारीक रेघा कोरलेली एक परीक्षापट्टी मिळते. ती ठेवून पाहिले असता या जातीच्या यंत्रांत २३०० च्या आसपासच्या सूक्ष्मतेपर्यंतच रेघा सुट्या दिसतात, पुढे त्यांचा राखी लगदा होतो. त्यापुढे मोजणी वाढत जाते, तपशील वाढत नाही. ताकात पाणी घातल्याने ताक वाढते, लोणी वाढत नाही. हाफ-प्लेट २४०० वर वाचली तर सुमारे १७ कोटी ७८ लाख बिंदू मिळतात, आणि १६ बिटांच्या करड्या छटांत त्यांची फाइल सुमारे ३५६ मेगाबाइटची होते. तीच ६४०० वर वाचली तर फाइल सातपटीहून मोठी, वेळ त्या मानाने वाढलेला, आणि डोळ्यांना नवे काहीच नाही.

पण २४०० म्हणजे कमी, असे जे वाटते ते छोट्या फिल्मच्या संस्कारामुळे. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवरचे चित्र जेमतेम दीड इंच रुंद असते. त्यातून भिंतीवर लावण्याजोगे काही काढावयाचे तर प्रत्येक कणाची मनधरणी करावी लागते, आणि तेथे फ्लॅटबेड उणा पडतो हे निर्विवाद. हाफ-प्लेटची गोष्ट वेगळी. २४०० वर वाचलेल्या हाफ-प्लेटपासून इंचाला ३०० बिंदू या हिशेबाने ३८ बाय ५२ इंचांची प्रत निघते, आणि तेवढ्या प्रतीला जागा देईल अशी भिंत आमच्या घरात नाही. मोठी निगेटिव्ह स्वभावतःच उदार असते. सामान्य कुवतीच्या यंत्रालाही ती भरभरून देते, आणि म्हणून तिच्यासाठी यंत्र निवडताना सूक्ष्मतेच्या शर्यतीत उतरण्याचे कारणच राहत नाही.

घनतेच्या आकड्याचीही तीच कथा. घनता ४.० म्हणजे प्रकाशाच्या दहा हजाराव्या भागापर्यंत ओळख पटविण्याचा दावा. रंगीत पारदर्शिकांच्या गडद छायांत अशा दाव्याची कसोटी लागते, परंतु कृष्णधवल निगेटिव्हची घनता दोनच्या फारशी पलीकडे क्वचितच जाते, तेव्हा दावा फुगवलेला असला तरी आपले काही अडत नाही. सूर्यप्रकाशात छापण्याच्या कागदासाठी मुद्दाम दाट केलेल्या फार जुन्या काचा याला अपवाद आहेत. धूळ आपोआप पुसणारी जी अवरक्त किरणांची सोय आहे, तिच्यासाठी मात्र आम्ही एक पैसाही जास्त मोजू नये हे मी आग्रहाने सांगितले. रंगीत फिल्ममधील रंगद्रव्ये ते किरण आरपार जाऊ देतात, फक्त धूळ त्यांना अडविते. कृष्णधवल निगेटिव्हमधील चांदीही त्यांना अडविते, आणि यंत्र बिचारे चित्रालाच धूळ समजून पुसावयास निघते. मऊ कुंचला आणि रबरी फुगा यांवाचून येथे गत्यंतर नाही.

खरा त्रास दिला तो उंचीने आणि हवेने. यंत्राची सर्वांत तीक्ष्ण लेन्स काचेच्या पृष्ठावर न रोखता, होल्डरमध्ये फिल्म जेथे राहील तेथे, म्हणजे काही मिलिमीटर वर, रोखलेली असते. होल्डरच्या पायांची उंची कमीजास्त करून तो नेमका बिंदू शोधावा लागतो, आणि कारखान्यातून आलेली उंची आपल्या यंत्राला बरोबर असेलच याची शाश्वती नसते. फिल्म किंवा प्लेट थेट यंत्राच्या काचेवर टेकविली, तर दोन गुळगुळीत पृष्ठांमध्ये अडकलेल्या हवेच्या पातळ थरामुळे पाण्यावरच्या तेलासारखी वलये उमटतात. न्यूटनच्या नावाने ओळखली जाणारी ही वलये त्याच्या आधी रॉबर्ट हूकने १६६५ च्या 'मायक्रोग्राफिया'त वर्णिली होती. पण न्यूटनने ती मोजली, आणि जगाचा न्याय मोजणाऱ्याच्या बाजूने लागला. फिल्म असेल तर तिची चकचकीत बाजू वर आणि इमल्शनची निस्तेज बाजू खाली ठेवावी, मग चित्र संगणकात उलटवून घ्यावे. जुन्या प्लेटचे इमल्शन कडांना पापुद्रे धरलेले असते, ते खाली टेकविण्याचे धाडस मी कोणाला करू देणार नाही. कडांखाली पातळ पुठ्ठ्याच्या पट्ट्या देऊन प्लेट अधांतरी ठेवणे हेच शहाणपणाचे.

अखेर आम्ही वापरलेला व्ही-७०० घेतला. नव्या यंत्रातला एलईडीचा दिवा लावताक्षणी तयार असतो, याचा जुना दिवा तापेपर्यंत थांबावे लागते. परंतु जो माणूस एकेका काचेवरची धूळ कुंचल्याने काढीत बसणार आहे, त्याला ही प्रतीक्षा जाणवतच नाही.

पहिल्या पेटीतून एका तरुण गृहस्थांची हाफ-प्लेट निघाली. फेटा, उपरणे, हातात छडी. पडद्यावर चेहरा मोठा केला तेव्हा गालांवर असंख्य बारीक पेन्सिलरेघा दिसल्या. त्या रेघांखाली देवीचे व्रण होते. व्रणाची सावली निगेटिव्हमध्ये विरळ उतरते. तेथे टोकदार पेन्सिलीने एकेक रेघ भरून घनता वाढवावयाची, म्हणजे कागदावर गाल सपाट येतो, ही स्टुडिओंतील नित्याची कारागिरी. प्रत त्या काळी बहुधा काचेच्याच आकाराची, कागद काचेला लावून निघे, आणि तेवढ्या आकारात रेघा कोणाला दिसत नसत. पैसे मोजून घेतलेला गुळगुळीत गाल आमच्या यंत्राने शंभर वर्षांनी उघडा पाडला होता.

भाचीने विचारले, "मामा, पुसून टाकू का रेघा? दोन मिनिटांचं काम आहे."

मी नको म्हटले. मूळ वाचन जसेच्या तसे, २४०० वर, रेघांसकट आणि व्रणांसकट दप्तरी राहील. त्या गृहस्थांच्या नातवंडांनी प्रत मागितली तर ती ४¾ बाय ६½ इंचांचीच द्यावयाची, असे ठरले. तेवढ्या आकारात आजही त्या रेघा दिसत नाहीत. भाचीला हे फारसे पटले नाही. तिच्या मते मोठी प्रत मागण्याचा नातवंडांना हक्क आहे, आणि हा वाद पुढच्या पेटीपर्यंत तहकूब आहे.